आजीमागे तीन लारी

आपल्या टेबलावरून एकही पाहुणा आजवर स्वतःच्या पायांनी उठून गेलेला नाही, असं ओतार छाती काढून सांगत असे. बढाई वाटेल, पण गावात कोणालाही विचारा. चौतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेला हा माणूस जॉर्जियातल्या काखेती प्रांतात आमच्या गावाचा तमादा होता. तमादा म्हणजे मेजवानीचा कर्ता. पेला कोणाच्या नावाने उचलायचा, कधी उचलायचा आणि त्याआधी किती वेळ बोलायचं, हे तमादा ठरवतो. तो सगळ्यांपेक्षा जास्त पितो, आणि तरी त्याला चढलेली कोणी पाहत नाही. लग्न असो, बारसं असो, की मेलेल्याच्या चाळिसाव्या दिवसाचं जेवण असो, ओतार उभा राहिला की माणसं आधी हसायची, मग रडायची, आणि शेवटी त्यांना उचलून न्यावं लागायचं.

"पाहुण्याकडून पैसे? त्यापेक्षा मी मिशी उतरवीन," हेही तो सांगत असे.

अडचण एवढीच होती, की त्याच्याच घरात त्याची मुलगी तेओना पाहुणेघर चालवत होती.

तेओनाने वरच्या दोन खोल्या स्वतः रंगवल्या होत्या. रात्रीचे साठ लारी ठरलेले; लारी हे आमचं चलन. सकाळी पाहुणे पैसे द्यायचे, ती ते फुलदाणीखाली ठेवायची, आणि तिची पाठ वळली की ओतार ते काढून पाहुण्यांच्या बुटात कोंबायचा. एकदा एक फ्रेंच जोडपं विमानतळावरून परत आलं. बुटात साठ लारी निघाले, काहीतरी चूक झाली असावी, म्हणून बिचारे प्रामाणिकपणे परत द्यायला आले होते. ओतारने त्यांना आणखी तीन दिवस ठेवून घेतलं आणि निघताना वीस लिटर वाईन बांधून दिली. चुकलेल्या विमानाऐवजी नवी तिकिटं तेओनाने काढून दिली.

शिवाय वर न्हाणीघर नव्हतं. अंगणापलीकडे जावं लागे, आणि वाटेत मुरा नावाचा कुत्रा बसलेला असे. लोक पाहुणेघराबद्दल जालावर लिहायचे, 'माणसं देवासारखी आहेत, कुत्रा तसा नाही.'

ऑक्टोबरात द्राक्षांची तोडणी संपली आणि तेओनाने जेवताजेवता सांगून टाकलं.

"बाबा, मी इटलीला जातेय. बारीमध्ये एक म्हातारी आहे, तिचं सगळं करायचं. महिन्याला नऊशे युरो. बारा नोव्हेंबरचं तिकीट आहे."

"आणि इथलं?" तिची आई, लामारा, म्हणाली.

"इथलं काय? वर न्हाणीघर बांधायला गवंडी सहा हजार लारी मागतोय. ते जमले तर राहते. पण या घरात सहा हजार जमतील?"

 ओतार उठून द्राक्षमळ्यात गेला आणि आधीच छाटलेल्या वेली पुन्हा छाटत बसला. एकुलती एक लेक होती. ती गेली तर घर खायला उठेल, हे त्याला पक्कं कळत होतं. एरवी एका पेल्यावर दीड तास बोलणाऱ्या त्या माणसाला 'जाऊ नकोस' हे दोन शब्द जुळवता येत नव्हते.

जायचं तर तेओनालाही नव्हतं. म्हणून दुसऱ्या दिवशी तिने आईला स्वयंपाकघरात गाठलं.

"आई, बाबांची मेजवानी फोनवरून थेट जगाला दाखवायची. ज्याला आवडेल तो पडद्याखालचं नाणं दाबेल. टिंग वाजेल, आणि तीन लारी माझ्या पाकिटात."

"तुझ्या पाकिटाची तर चेन तुटलीय."

"फोनमधलं पाकीट गं! क्रिप्टोचं नाणं असतं ते. मध्ये बँक नाही, कोणी नाही. डोळ्यांना दिसत नाही, हाताला लागत नाही."

लामाराने वांगी चिरायची थांबवून विचार केला.

"म्हणजे बुटात कोंबता येत नाही."

"नाही."

"मग चांगलं आहे."

राहता राहिला प्रश्न ओतारला काय सांगायचं याचा. टिंग म्हणजे काय, हे तो विचारणारच. दोघींनी मिळून ठरवलं, की पलीकडच्या माणसाने आपल्या नावाने पेला उचलला की टिंग वाजतं, असं सांगायचं. दोघी जन्मात कधी धड खोटं बोललेल्या नव्हत्या. हे पहिलंच, आणि नको इतकं चांगलं जमलं.

"जगाला आपलं टेबल दाखवायचंय?" ओतार मिशीवरून हात फिरवत म्हणाला. "दाखवू की! चारशे माणसांचं लग्न एकट्याने सांभाळलंय मी. हा तळहाताएवढा फोन काय वाकडं करणार माझं?"

फोन लोणच्याच्या बरणीला टेकवून उभा केला. ओतार म्हणाला, पाहुणा असा उपाशी कसा बसेल? मग फोनसमोर ताटली आली, काटा आला, भरलेला पेला आला, आणि गरम खाचापुरीचा, म्हणजे चीज भरलेल्या रोटीचा, एक तुकडा आला. पडद्यावर अकरा माणसं बघत होती. ओतारने पहिला पेला शांततेच्या नावाने उचलला, वीस मिनिटं बोलला आणि प्याला.

टिंग.

"कोणी उचलला?"

"नॉर्वेचा कोणी हाल्वोर आहे," तेओना फोनमागून म्हणाली.

आता आमच्याकडची रीत अशी, की कोणी आपल्या नावाने पेला उचलला तर आपण आपला रिकामा करायचा, पुन्हा भरायचा आणि त्याच्या नावाने उचलायचा. ओतार उभा राहिला.

"नॉर्वे!" तो म्हणाला. "किनाऱ्याला इतक्या खाचा, की नकाशा काढताना पोरांच्या पेन्सिली मोडायच्या. हाल्वोर, बाळा, ज्या देवाने तुझ्या देशाचा किनारा इतक्या सवडीने कातरला, त्याने तुझं आयुष्यही तितक्याच सवडीने कातरावं!"

हाल्वोरने लिहिलं, की गेल्याच आठवड्यात आपली मावशी वारली, तिच्यासाठी एक पेला होईल का? ओतारने त्या न पाहिलेल्या मावशीबद्दल असं काही बोलून दाखवलं, की लामाराने डोळे पुसले, तेओनाने डोळे पुसले, आणि हाल्वोरने आणखी चार नाणी दाबली. ओतारने चार पेले रिकामे केले.

चौतीस वर्षं ज्या देशांवर त्याने छडी टेकवली होती, ते आता एकेक करून त्याच्या टेबलाशी बसायला येत होते. राजधानी तिबिलिसीच्या पलीकडे तो आयुष्यात दोनदा गेला होता, त्यातही एकदा दाताच्या डॉक्टरकडे. 'ओसाका' असं तेओनाने वाचलं की तो पेला भरून उभा राहायचा. तो तिथली नदी सांगायचा, बंदर सांगायचा, मुख्य पिकं सांगायचा आणि मग पेला उचलायचा.

हाल्वोरच्या मावशीची बातमी फुटली आणि आज्या सुरू झाल्या. प्रत्येकाला आजी असतेच, आणि बहुतेकांची वारलेली असते. उरुग्वेची आजी, लीड्सची आजी, ओसाकाच्या दोन बहिणींची मिळून एक आजी. चौथ्या दिवशी चौदाशे माणसं बघत होती आणि ओतारने एका बैठकीत एक्केचाळीस आज्यांना स्वर्गात जागा मिळवून दिली. लामाराला धास्ती वाटायला लागली. तिने सुरईत गुपचूप पाणी मिसळलं. ओतारने एक घोट घेतला, "यंदा पाऊस जास्त झाला," एवढंच तो म्हणाला आणि त्याने बेचाळिसावी आजी घेतली.

दहा दिवसांत पाकिटात पाच हजार चारशे लारींची नाणी जमली. तेओनाने निळ्या फरशा पसंत केल्या. ती गाणं गुणगुणत भांडी घासताना ओतारने ऐकली आणि त्याला फार बरं वाटलं. कारण त्याला माहीत नव्हतं. त्याला वाटलं, जगाचा आपल्या घराशी घरोबा झाला म्हणून पोरीचं मन रमलं.

अकराव्या दिवशी गुराम आला.

गुराम हा शेजारी. हमरस्त्यावर त्याचं वाईन चाखायचं दुकान आहे आणि दुकानाबाहेर चार भाषांत दरपत्रक आहे. नुसतं बसायचेही तो पैसे घेतो. ओतार आणि तो शाळेपासूनचे मित्र, आणि शाळेपासूनच एकमेकांना पाण्यात पाहतात. ऐन मेजवानीत, तीन हजार माणसं बघत असताना, तो बाटली घेऊन आत घुसला आणि त्याने ओतारला मिठी मारली.

"ओतार, लेका, मानलं तुला! मी पाटी लावली तर गाव मला चिकट म्हणतं. आणि तू? आजीमागे तीन लारी! तेही मेलेल्या आजीमागे! माझी तर छाती झाली नसती!"

"कसले तीन लारी?"

"हे टिंग टिंग वाजतंय ते! पैसे आहेत ते, पैसे! क्रिप्टोचे! आता मला काय शिकवतोस? अख्ख्या गावाला माहीत आहे!"

ते मात्र खरं होतं. आम्हा सगळ्यांना माहीत होतं. कुठवर जातंय ते बघावं, म्हणून कोणी बोललं नव्हतं.

ओतारने मुलीकडे पाहिलं. मुलगी लोणच्याच्या बरणीकडे बघत होती. तेवढ्यात फोन आणखी एकदा वाजला. ओसाका होतं.

ओतारच्या हातात भरलेला पेला होता. तो त्याने तसाच खाली ठेवला. तमादाने भरलेला पेला खाली ठेवल्याचं आमच्या गावात कोणी पाहिलेलं नाही. गुरामसुद्धा खजील होऊन दोन पावलं मागे सरकला.

"मेलेल्यांच्या नावाने मी पैसे घेतले," ओतार हळूच म्हणाला. मग त्याने फोनवर रुमाल घातला आणि तो आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडला.

दुसऱ्या दिवशी तेओना गवंड्याला भेटायला जवळच्या तेलावी शहराला निघाली. दारात थांबून ती म्हणाली, "बाबा, चुकले मी. ओरडा, शिव्या घाला, पण बोला काहीतरी. मला राहायचंय हो इथे."

ओतारने मान हलवली. ती वळणावरून दिसेनाशी झाली तसा तो उठला.

फोन बरणीला टेकलेलाच होता; पोरीने त्याला हातही लावला नव्हता. दहा दिवस पोरीची बोटं बघून त्याला सगळं ठाऊक झालं होतं. कोणी किती नाणी दिली, त्याची यादी असते. नावावर बोट ठेवायचं, आकडा लिहायचा, पाठवायचं. नावं आणि गावं जुळवायला भूगोलाच्या मास्तरला कोणी शिकवावं लागत नाही. फक्त पाकिटाला चार आकड्यांचं कुलूप होतं. त्याने बायकोचं जन्मसाल घालून पाहिलं. नाही. मुलीचं घातलं. नाही. मग उगाच स्वतःचं घातलं, आणि पाकीट उघडलं. पोरीने कुलूप म्हणून बापाचं साल ठेवलं होतं. 

पण पाहुण्याचा पैसा घरात ठेवून त्याला घास गिळला नसता. आणि परत करायचा तर नुसता कसा करणार? शेजारणीचं भांडंसुद्धा आपण रिकामं पाठवत नाही. जेवढं आलं तेवढं परत, आणि वर तेवढंच आपलं, असं त्याने ठरवलं.

आपलं म्हणजे काय होतं? आमच्याकडे म्हातारी माणसं स्वतःच्या अंत्यविधीचे पैसे बाजूला ठेवतात, पोरांवर भार नको म्हणून. ओतारकडे बिस्किटांच्या डब्यात सहा हजार होते. तो डबा काखेत मारून तो पावाच्या दुकानाशी गेला. तिथे भिंतीला पैसे भरायचं यंत्र आहे. विजेचं बिल, फोनचं बिल, सगळं त्यातच भरतात, आणि फोनच्या पाकिटातही पैसे टाकता येतात. ओतार तासभर एकेक नोट आत सरकवत राहिला.

पाववाली त्सिउरी खिडकीतून बघत होती. न राहवून तिने विचारलं, "ओतारकाका, वीजबिल एवढं आलं?"

"नाही गं. माझ्या अंत्यविधीचे आहेत."

"देव भलं करो," त्सिउरी म्हणाली आणि तिने भट्टीत पाव टाकला.

चारशे बारा नावं होती. प्रत्येकाला दुप्पट नाणी गेली, आणि सोबत एकच निरोप: 'पाहुण्या, तुझं तुला, वर माझं. पैसे नकोत. तू ये.'

तिसऱ्या प्रहरी शेवटचं नाव संपवून ओतारने समाधानाने पाय पसरले. तेवढ्यात टिंग वाजलं. मग पुन्हा. मग एकसारखंच वाजायला लागलं.

झालं होतं असं. 'तुम्ही एक नाणं पाठवा, आम्ही दोन देतो' अशी जाहिरात त्या नाण्यांच्या दुनियेत रोज कोणीतरी चोर करत असतो. लोक एक पाठवतात आणि चोर पसार होतो. आणि इथे एक म्हातारा खरोखर दोन देत होता, तेही जाहिरात न करता! कोणीतरी ही गोष्ट चार ठिकाणी लिहिली. ज्यांनी आयुष्यात जॉर्जियाचं नाव ऐकलं नव्हतं, ते 'आजी वारली' असं लिहून नाणी पाठवू लागले. ओतारला वाटलं, पाहुणे रागावलेत, दिलेलं घेत नाहीत. भिडस्त लोक! तो पुन्हा दुप्पट पाठवू लागला. जगात सगळे आवळा देऊन कोहळा काढतात. ओतार आवळा घेऊन कोहळा देत होता, आणि माणसं आवळ्यांच्या पाट्या घेऊन धावत सुटली होती.

अंत्यविधीचे उरलेले सहाशे लारी अकरा मिनिटांत गेले. त्यानंतर तो एकाची नाणी दुसऱ्याला देऊ लागला. मग पडदा लाल झाला. 'संशयास्पद व्यवहार. खाते बंद करण्यात आले आहे. अडकलेली नाणी ज्याची त्याला परत जातील.'

"बरं झालं," ओतार म्हणाला. "माझं बोटही दुखत होतं."

तेओना परतली ती निळी फरशी नमुन्याला हातात घेऊन.

"पोरी, सगळं परत केलं मी."

"सगळं?"

"दुप्पट."

तिला रडू आलं नाही आणि ती ओरडलीही नाही. तिने फरशी खिडकीत ठेवली, वर गेली, आणि पलंगाखालून बॅग ओढल्याचा आवाज खाली ऐकू आला.  

दोन दिवसांनी पोलीस आले. म्हणजे एकच आला, निरीक्षक मालखाझ, हातात फाईल, खिशात पित्ताच्या गोळ्या.

"एकाचे दोन करून देतो, ही जगातली सर्वात जुनी युक्ती आहे," तो उंबऱ्यातूनच म्हणाला. "असे अकरा जण पकडलेत मी. फक्त एक कळत नाही. तुम्ही ते दोन दिलेत कशाला?"

"पाहुणे होते. उभे का? बसा."

"मी कामावर आहे."

"उंबरा ओलांडलात का?"

मालखाझने खाली पाहिलं. एक पाय आत होता.

"मग पाहुणे झालात," ओतार म्हणाला. "लामारा, मांस निखाऱ्यावर टाक."

मालखाझने अर्धा तास तग धरला. त्यानंतर तो डाव्या हाताने जबाब लिहीत होता, कारण उजव्या हातात वाईन प्यायचं बैलाचं शिंग होतं, आणि भरलेलं शिंग टेबलावर ठेवता येत नाही. त्याच्याकडे तक्रारी एकोणचाळीस होत्या. अडतीस जणांची तक्रार होती, की आमच्या वेळेलाच खातं का बंद झालं. एकट्या एका बाईचं म्हणणं होतं, की नाणं दिलं तरी आजीचं नाव घेतलं नाही. ओतार हे ऐकून हळहळला आणि त्याने तिथल्या तिथे उभं राहून ते नाव घेतलं. निरीक्षकाने ते 'तक्रारीचे निवारण' म्हणून नोंदवलं. शेवटी फाईलवर त्याने लिहिलं: 'आरोपीने फसवलेली एकूण माणसे: एक. नाव: आरोपी.' आणि प्रकरण बंद केलं. गाडीपर्यंत त्याला गुराम आणि मी उचलून नेलं.

सुटलो, असं वाटलं. पण चारशे बारा जणांना 'तू ये' असं लिहिलेलं होतं, ते कोणाच्या ध्यानातच नव्हतं.

पहिला हाल्वोर आला, मावशीचा फोटो छातीशी धरून. मग ओसाकाच्या दोघी बहिणी आल्या. मग लीड्सचा निवृत्त बसचालक आला. दहा नोव्हेंबरपर्यंत चौदा जण झाले. दोन खोल्या भरल्या, गच्ची भरली, दोघे वाईनच्या तळघरात झोपू लागले. सकाळी अंगणात संडासासाठी रांग लागायची, आणि मुराने एवढी माणसं एकदम पाहून भुंकणं सोडून दिलं. तेओना पहाटेपासून कणीक मळायची. आपलं बारा तारखेचं तिकीट तिने आरशाला खोचून ठेवलं होतं. पाहुणे स्वतःच्या फोनमध्ये बोलायचे आणि फोन आमच्या भाषेत बोलायचा, पण सरकारी कागदासारखा. 'कृपया लोणचे अग्रेषित करावे,' असं फोन म्हणाला की लामारा दचकायची.

अकरा तारखेला दुपारी लामाराने ओतारला तळघरात गाठलं.

"अरे माणसा, पोरगी उद्या जातेय."

"माहीत आहे."

"मग?"

"मग काय करू? जाऊ नको म्हणू? कशाच्या जिवावर म्हणू? न्हाणीघराचे पैसे मीच उधळले."

"चौदा माणसं आहेत वर. रात्रीचे साठ लारी. म्हण एकदा तोंडाने."

"नाही निघत गं तोंडातून."

"एक्केचाळीस आज्या निघाल्या, साठ लारी निघत नाहीत?"

 ओतार मळ्याच्या टोकाला गेला. कोणी नाही असं बघून त्याने मुरासमोर उभं राहून सराव केला. "साठ," तो म्हणाला. मुराने त्याच्याकडे पाहिलं आणि उठून दुसरीकडे गेला. ओतार पुन्हा म्हणाला. कपाळावर घाम होता. लाज कसली वाटते, हे ज्याचं त्याला माहीत. आपण त्याला हसू नये. आम्ही कुंपणापलीकडून हसलो, ते चुकलंच.

संध्याकाळी लांब टेबल मांडलं. ओतार उभा राहिला. शांततेचा पेला झाला, मेलेल्यांचा झाला, मुलाबाळांचा झाला, हाल्वोरच्या मावशीचा समक्ष झाला. मग त्याने शिंग भरलं.

"आता पुढचा पेला," तो म्हणाला. आवाज फाटला. "पुढचा पेला... खोलीचा. एका रात्रीचे. साठ. लारी."

आणि त्याने डोळे मिटून शिंग रिकामं केलं.

चौदा फोनांनी चौदा जणांना ते सांगितलं.  पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिलं, ते आपापसात काहीतरी कुजबुजले, आणि शेवटी हाल्वोर उठला. तो फोनमध्ये बोलला. फोन म्हणाला:

"आदरणीय यजमान. पैसे नकोत, तू ये, असे आपण आम्हांस लेखी कळवले होते. त्यानुसार आम्ही उपस्थित झालो आहोत. पाहुण्याचा पैसा म्हणजे घराची बेअब्रू, हे आम्ही आपल्याकडूनच शिकलो. तरी आपली बेअब्रू आमच्या हातून कदापि होणार नाही. ही आमची परीक्षा आहे, हे आमच्या ध्यानात आले आहे. आम्ही उत्तीर्ण झालो काय?"

चौदा चेहरे त्याच्याकडे आशेने बघत होते. ओसाकाच्या बहिणींनी तर हात जोडले होते. चौतीस वर्षं मास्तरकी केलेला माणूस! इतकं बरोबर उत्तर त्याला आजवर एकाही वर्गाने दिलं नव्हतं.

"उत्तीर्ण," ओतार म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. कशाचं, ते त्यालाही सांगता आलं नसतं. "सगळेच्या सगळे उत्तीर्ण!"

एकच जल्लोष झाला. बसचालकाने ओतारला उचलून घेतलं.

स्वयंपाकघराच्या दारात तेओना हातात डाव घेऊन उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. तिने डाव आईच्या हातात दिला, कोपऱ्यात जाऊन बारीला फोन लावला, दोन मिनिटं इटालियनमध्ये बोलली आणि परत आली.

"काय सांगितलंस?" लामाराने विचारलं.

"दुसरी कोणी बघा म्हटलं, मी येत नाही."

"अगं, पण एक दमडी मिळाली नाही आपल्याला!"

"नाही मिळाली," तेओना म्हणाली. बाहेर तिच्या बापाने लीड्समधल्या नद्या सांगायला सुरुवात केली होती. "पण आई, बाबा साठ म्हणाले. चौदा माणसांसमोर, उभं राहून, माझ्यासाठी. आज नुसते बोलले. पुढच्या वर्षी मागतील. त्याच्या पुढच्या वर्षी घेतीलसुद्धा."

लामाराने बोटं मोजली. "म्हणजे न्हाणीघर तीन वर्षांनी?"

"चार धर," तेओना म्हणाली, आणि रस्सा वाढायला बाहेर गेली.